कातण्याआधीचा रंग

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात, पंचाचुली शिखरांच्या समोर मुनस्यारी नावाचे गाव आहे. गोरी गंगेच्या वरच्या खोऱ्यातील, म्हणजे जोहारमधील भोटिया समाजाची अनेक कुटुंबे येथे राहतात. पूर्वी हे लोक उंच खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. खाली उतरणाऱ्या मालात मीठ असे, टाकणखार असे आणि लोकरही असे. १९६२ च्या युद्धानंतर जोहारच्या वाटेने होणारा हा व्यापार बंद पडला. परंतु लोकरीचे काम थांबले नाही. येथील स्त्रिया आजही लोकर कातून पंखी, थुलमा, चुटका आणि दन नावाचा गालिचा विणतात. पुरुषांचा व्यापार खिंडीवर अवलंबून होता, स्त्रियांची कला मात्र घराच्या ओसरीवर होती, म्हणून ती टिकली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

या कामात रंग कोणत्या टप्प्यावर द्यावयाचा, हा एक महत्त्वाचा प्रश्न असतो. कापड विणून झाल्यावर ते रंगविता येते. सूत कातून त्याची लड रंगविता येते. आणि तिसरा मार्ग म्हणजे सूत होण्यापूर्वीच, मोकळी लोकर असतानाच, ती रंगविणे. घरी हाताने कातणाऱ्या व्यक्तीला हा तिसरा मार्ग सर्वांत जास्त स्वातंत्र्य देतो. त्याचे कारण पुढच्या कामात आहे. रंगविलेली लोकर नंतर पिंजली जाते. भांड्यात रंग कोठे गडद, कोठे फिका बसला असेल, तर पिंजताना ते तंतू एकमेकांत मिसळतात आणि सूत एकसारखे दिसते. विणलेल्या कापडावर पडलेला डाग कायमचा राहतो. मोकळ्या लोकरीतील डाग पिंजणीत नाहीसा होतो. नवशिक्याला एवढी क्षमाशील पद्धत दुसरी नाही.

शिवाय पिंजताना रंग मिसळण्याची एक निराळीच मौज असते. चित्रकार निळा आणि पिवळा रंग कालवतो तेव्हा हिरवा तयार होतो व मूळचे दोन्ही रंग हरवतात. निळी आणि पिवळी लोकर एकत्र पिंजली, तर दुरून सूत हिरवट दिसते. परंतु जवळ जाऊन पाहिले की निळा तंतू निळाच आणि पिवळा पिवळाच असतो. त्यामुळे अशा कापडाच्या रंगाला एक खोली येते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर विणले जाणारे ‘हॅरिस ट्वीड’ हे कापड याच गुणासाठी जगभर ओळखले जाते. तेथील स्त्रिया पूर्वी ओढ्याकाठी मोठ्या लोखंडी भांड्यात लोकरीचा एक थर आणि खडकावरून खरवडलेल्या दगडफुलाचा एक थर असे रचून ते तासन्‌तास उकळत आणि तांबूस तपकिरी रंग मिळवीत. १९९३ साली या कापडासाठी ब्रिटनमध्ये स्वतंत्र कायदा झाला. लोकर त्या बेटांवरच रंगविलेली व कातलेली असावी आणि कापड बेटकऱ्याने स्वतःच्या घरी विणलेले असावे, अशी अट त्यात आहे.

मात्र जी मोकळी लोकर रंगाच्या बाबतीत इतकी क्षमाशील असते, तीच उष्णतेच्या आणि हाताळणीच्या बाबतीत अत्यंत कठोर असते. थोडी घाई झाली की किलोभर लोकर एका तासात कामातून जाते. मेंढी वर्षातून एकदा किंवा दोनदाच कातरली जाते. चार-सहा मेंढ्या बाळगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने किलोभर लोकर म्हणजे सहज भरून निघणारे नुकसान नव्हे. म्हणून कृती जाणून घेण्यापूर्वी लोकरीचा स्वभाव जाणून घ्यावयास हवा.

कापसाचा धागा वनस्पतीपासून मिळतो. तो सेल्युलोजचा असतो. लोकर ही प्राण्याची त्वचा धारण करते. ती केराटिन नावाच्या प्रथिनाची असते. आपले केस आणि नखेही केराटिनचीच असतात. सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले दिसतात. ते मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. लोकर गरम पाण्यात भिजली की तंतू मऊ होतात, आणि अशा वेळी ती ढवळली किंवा चोळली, तर एका तंतूचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकत जातात. तंतू पुढे सरकतो, पण मागे येऊ शकत नाही. थोड्याच वेळात सगळ्याचा एक घट्ट गोळा बनतो. नमदा किंवा बुरणूस करणारे कारागीर याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. कातणाऱ्याला मात्र बुरणूस नको असतो. साबणाचे किंवा सोड्याचे पाणी आणि एकदम होणारा तापमानातील बदल यांमुळेही हा प्रकार वेगाने घडतो. म्हणून लोकर रंगविताना एक नियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळावा लागतो: लोकर आणि पाणी यांचे तापमान एकत्र वाढावे आणि एकत्र उतरावे. उकळत्या पाण्यात थंड लोकर टाकू नये. गरम लोकर थंड पाण्यात बुडवू नये. आणि भांड्यातील लोकर भातासारखी ढवळू नये. पळीने ती अलगद दाबावी व कडेने एक-दोनदा उलटावी, एवढे पुरते.

पहिले काम धुण्याचे. मेंढीच्या अंगावरील लोकरीत माती, घाम आणि लॅनोलिन नावाचे मेण असते. हे मेण तंतूवर राहिले, तर रंगाचे पाणी आतपर्यंत पोहोचत नाही. मेरिनोसारख्या मऊ लोकरीच्या मेंढीत मेणाचे प्रमाण इतके असते की, धुतल्यावर लोकरीचे वजन निम्म्याच्या आसपास येते. आपल्याकडील जाड लोकरीत ते कमी असते. लॅनोलिन सुमारे चाळीस अंश सेल्सिअसला वितळते. थंड पाण्यात कितीही धुतले तरी लोकर चिकट का राहते, याचे उत्तर येथे मिळते. हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम पाणी घ्यावे, त्यात रिठ्याचा फेस किंवा सौम्य द्रवरूप साबण मिसळावा आणि लोकर त्यात पंधरा-वीस मिनिटे नुसती बुडवून ठेवावी. पाणी थंड होण्यापूर्वीच ती बाहेर काढावी. नाहीतर सुटलेले मेण पुन्हा तंतूवर बसते. नंतर तितक्याच गरम साध्या पाण्यातून दोनदा काढावी. धुण्याचा सोडा वापरणे टाळावे, कारण त्याने प्रथिनाचा तंतू खरखरीत आणि दुबळा होतो.

धुतलेली लोकर वाळवून तिचे वजन करावे. यापुढील सर्व मापे या कोरड्या वजनावरून ठरतात.

बहुतेक वनस्पतिज रंग लोकरीवर आपण होऊन पक्के बसत नाहीत. त्यांना मध्यस्थ लागतो. या मध्यस्थाला रंगबंधक म्हणतात, आणि घरगुती कामासाठी सर्वांत सुरक्षित रंगबंधक म्हणजे तुरटी. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीच्या प्रथिनाला धरतो व दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याला. एक किलो कोरड्या लोकरीसाठी शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी पुरते. ती गरम पाण्यात पूर्ण विरघळवून पंचवीस-तीस लिटर कोमट पाण्यात मिसळावी. आधीच भिजवून ठेवलेली लोकर जाळीच्या किंवा पातळ मलमलीच्या पिशवीत सैल भरून त्यात सोडावी, आणि मंद आचेवर तासाभरात पाणी उकळीच्या थोडे खाली, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत न्यावे. तेथे पाऊण तास राखून आच बंद करावी व लोकर रात्रभर त्याच पाण्यात निवू द्यावी. ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय येथे लागू पडत नाही. तुरटी जास्त झाली, तर लोकर चिकट होते आणि ती कातताना बोटांना जाणवते.

आता रंगांकडे वळू. हिमालयातील लोकर रंगविणाऱ्यांची बरीचशी सामग्री मराठी वाचकाला काष्ठौषधीच्या दुकानात परिचित वाटेल. मंजिष्ठेच्या मुळ्या आणि दारुहळद ही दोन्ही द्रव्ये भोटिया स्त्रियांच्या रंगांतील होत. मंजिष्ठेपासून विटकरी लालपासून नारिंगी लालपर्यंतच्या छटा मिळतात, तर दारुहळदीपासून आणि डोलू नावाच्या पहाडी वनस्पतीच्या मुळांपासून पिवळ्या. मंजिष्ठेतील एका रंगद्रव्याला रसायनशास्त्रात ‘मंजिस्टिन’ म्हणतात, ते आपल्या मंजिष्ठेच्याच नावावरून. किलोभर लोकरीला साधारण तितक्याच वजनाच्या कुटलेल्या मुळ्या लागतात. त्या आदल्या रात्री भिजत घालाव्यात. मंजिष्ठेचे पाणी उकळू न देणे हे यातील खरे कौशल्य होय; आच वाढली की लालपणा दबतो आणि तपकिरीपणा वर येतो. पाण्याचाही यात वाटा असतो. चुन्याचा अंश असलेल्या जड पाण्यात मंजिष्ठेचा लाल अधिक खुलतो. दोन गावांत एकाच कृतीने वेगवेगळे लाल का येतात, याचे कारण पुष्कळदा विहिरीत सापडते.

अक्रोडाची गोष्ट निराळी आहे. अक्रोडाच्या कठीण कवचावर एक हिरवी, मांसल साल असते. फळ उतरविल्यावर ती फेकली जाते. हीच साल काही दिवस पाण्यात भिजवून उकळली, की गडद तपकिरी रंग तयार होतो. त्याला तुरटीचीही गरज नसते, कारण त्यातील रंगद्रव्य प्रथिनाशी थेट बांधले जाते. याचा पुरावा साली सोलणाऱ्याच्या हातांवर दिसतो. ते हात कित्येक दिवस काळे राहतात, कारण त्वचाही केराटिनचीच. जेथे अक्रोड नाही तेथे डाळिंबाची साल, कांद्याची कोरडी साले आणि झेंडूच्या पाकळ्या यांपासून तुरटीच्या साहाय्याने पिवळ्या, सोनेरी व खाकी छटा मिळतात. यांतील कोणताही रंग दिल्यानंतर शेवटच्या पाण्यात किलोमागे वीसेक ग्रॅम हिराकस टाकली, तर रंग काळवंडून राखी किंवा हिरवट करडा होतो. हिराकस अधिक झाल्यास मात्र लोकर ठिसूळ बनते.

निळीचे तंत्र या सर्वांहून वेगळे असते. नीळ पाण्यात विरघळत नाही. पाण्यातील प्राणवायू काढून घेऊन आणि पाणी अल्कधर्मी करून तिला विरघळवावे लागते. त्या हिरवट पिवळ्या द्रवात बुडवून बाहेर काढलेली लोकर हवेत डोळ्यांदेखत निळी होते. परंतु निळीच्या हौदातील चुना कापसाला मानवतो तितका लोकरीला मानवत नाही. म्हणून लोकरीसाठी हा द्रव शक्य तेवढा सौम्य आणि कोमट ठेवावा लागतो, बुडविण्याचा वेळ थोडका ठेवावा लागतो व शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून लोकर काढावी लागते. नवशिक्याने निळीपासून सुरुवात न केलेली बरी.

हळदीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण घरात रंग म्हटला की प्रथम तीच आठवते. हळद लोकरीवर लगेच आणि सुंदर बसते. पण उन्हात तितक्याच लवकर उडते. विकण्यासाठी केलेल्या वस्तूत हळद वापरणे म्हणजे ग्राहकाला फसविणेच होय. कोणताही रंग कच्चा आहे की पक्का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. रंगविलेल्या लोकरीची एक बट पुठ्ठ्यावर बांधावी, तिचा अर्धा भाग जाड कागदाने झाकावा आणि तो पुठ्ठा ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर ठेवावा. कागद काढल्यावर दोन भागांत फरक दिसला नाही, तर रंग विश्वासार्ह समजावा.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाला क्विनीन बनविण्याच्या प्रयत्नात अपघातानेच एक जांभळा रंग सापडला. कृत्रिम रंगांचे युग येथून सुरू झाले. १८६८ मध्ये युरोपीय मंजिष्ठेतील मुख्य रंगद्रव्य, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार झाले. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ विक्रीस आली. पुढे रंगाच्या पुड्या खेडोपाडीच्या बाजारात पोहोचल्या आणि मुळ्या कुटण्याचे कष्ट वाचले. त्याबरोबर घराघरांतील मापांचे ज्ञानही मागे पडले, हे खरे. तथापि पुडीतल्या रंगाला सरसकट नाव ठेवणे योग्य नव्हे. तो योग्य प्रकारचा असला, तर उन्हापाण्यात चांगला टिकतो आणि दर वेळी तीच छटा देतो.

अडचण ‘योग्य प्रकार’ ओळखण्याची असते. बाजारातील अनेक पुड्या सुती कापडासाठी असतात व त्यांच्या कृतीत मीठ आणि सोडा सांगितलेला असतो. लोकरीसाठी त्या उपयोगाच्या नाहीत. लोकरीला आम्ल रंग लागतात. पाण्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल मिसळले, की लोकरीच्या प्रथिनावर धन विद्युत्‌भार येतो. आम्ल रंगाच्या कणावर ऋण भार असतो. आणि दोहोंचे आकर्षण होऊन रंग तंतूत शिरतो. किलोभर लोकरीला मध्यम छटेसाठी साधारण दहा ग्रॅम रंग पुरतो. तो आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून भांड्यातील कोमट पाण्यात मिसळावा, मग ओली लोकर सोडावी, आणि पाऊण ते एक तासात पाणी हळूहळू उकळीच्या जवळ आणून तेथे अर्धा तास राखावे. भांड्याकडे लक्ष ठेवणाऱ्याला या वेळी एक सुखद दृश्य दिसते. रंगीत पाणी निवळत जाते आणि शेवटी ते जवळजवळ स्वच्छ होते. सगळा रंग लोकरीने पिऊन घेतलेला असतो. पाणी रंगीतच राहिले, तर थोडे व्हिनेगर वाढवून आणखी पंधरा मिनिटे थांबावे. तरीही फरक न पडल्यास पुडी चुकीची आहे असे समजावे.

‘वनस्पतीपासून मिळतो तो रंग निरुपद्रवी आणि पुडीतला तेवढा विषारी’ असा एक समज आहे. तो तपासून घ्यावा लागेल. वनस्पतिज रंगांबरोबर जुन्या पुस्तकांत पोटॅशियम डायक्रोमेटसारखे रंगबंधक सुचविलेले आढळतात. हे नारिंगी स्फटिक अत्यंत विषारी असून कर्करोगास कारणीभूत ठरतात. घरात त्यांना थारा देऊ नये. मोरचूदही टाळलेला बरा. रंग कोणताही असो, त्यासाठी वापरलेले पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. पूड मोजताना नाकातोंडावर कापड बांधावे, कारण उडालेली पूड श्वासातून आत जाते. हातमोजे वापरावेत. काम शक्यतो उघड्यावर करावे. उरलेले पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा गुरांच्या पाण्याजवळ ओतू नये. लहान मुले असलेल्या घरात शेवटची सूचना सर्वांत आधी वाचावी.

रंगविलेली लोकर सावलीत, जाळीवर पसरून वाळवावी. ती पिळू नये. पिशवीसकट दाबून पाणी काढावे. वाळल्यावर हाताने मोकळी करून, दातेरी फळ्यांनी पिंजून तिचे पेळू करावेत. दोन रंग मिसळावयाचे असल्यास ते वजन करूनच घ्यावेत, कारण नुसत्या नजरेने घेतलेले प्रमाण दुसऱ्या दिवशी जुळत नाही. एका वस्तूला लागणारी सर्व लोकर एकदमच रंगवावी आणि कातण्यापूर्वी एकदमच मिसळून घ्यावी. म्हणजे पंखीचा एक काठ दुसऱ्यापेक्षा फिका निघत नाही.

या सर्व विवेचनात पांढरी लोकर गृहीत धरली आहे. राजस्थानातील चोकला आणि मगरा या मेंढ्यांची लोकर पांढरी असल्याने ती रंग उत्तम घेते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांच्या पठारावरील दख्खनी मेंढीची लोकर मात्र जाड आणि बहुधा काळी किंवा करडी असते. धनगर आणि सणगर समाजांनी या लोकरीवर रंग चढविण्याचा खटाटोप केला नाही. मेंढीच्या अंगचे काळे, पांढरे व करडे रंग निवडून, वेगळे कातून, त्यांचेच पट्टे त्यांनी घोंगडीत विणले आणि चिंचोक्याच्या खळीने तिला ताठपणा दिला. अलीकडे या लोकरीला भाव राहिलेला नाही. कित्येक मेंढपाळांना कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. अशा लोकरीतील करडा भाग वेगळा काढून रंगविता येतो. करड्या लोकरीवर मंजिष्ठ चढविली, की लाल न होता ती जुन्या विटेसारखी होते. डाळिंबाच्या सालीने शेवाळी छटा येते. दख्खनी लोकरीतील काही राठ, पोकळ केस रंग कमी घेतात आणि सुतात फिकट रेषांसारखे दिसतात. घोंगडी, पिशवी किंवा बसकर यांसाठी तो दोष मानण्याचे कारण नाही. अंगाला लागणाऱ्या वस्त्रासाठी असे केस पिंजण्यापूर्वी हाताने वेचून काढावे लागतात, आणि त्या वेचणीस एक किलोला पूर्ण दिवस लागू शकतो, हे किंमत ठरविताना धरून चालावे.